मोसमपूर्व संघ-आढावा (सिम्युलेटेड बास्केटबॉल लीग)

मोसमपूर्व संघ-आढावा : संगणकावर चालणाऱ्या बास्केटबॉल लीगचा नवा मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक संघाची ताकद, उणिवा आणि अपेक्षित विजय मांडणारे लेखन. अशा लीगला खेळणारे ‘सिम लीग’ म्हणतात आणि आढाव्याला नुसते ‘प्रिव्ह्यू’. येथे सामने मैदानावर होत नाहीत आणि कोणी हातात कंट्रोलर घेऊनही बसत नाही. प्रत्येक संघाचा चालक, म्हणजे जनरल मॅनेजर किंवा जीएम, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने करायच्या निवडीत, नवे खेळाडू निवडतो, करार करतो, ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल ठरवतो, कोणाला किती मिनिटे द्यायची ते लावून देतो. सामना प्रोग्रॅम खेळवतो. कमिशनर ही लीगची फाइल सांभाळणारी व्यक्ती. ती ठरलेल्या दिवशी पुढचे काही सामने ‘सिम करते’ आणि निकाल सगळ्यांना कळवते. संघांची नावे कधी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची असतात, कधी मनची. खेळाडू मात्र बऱ्याचदा संगणकानेच जन्माला घातलेले, पूर्णपणे काल्पनिक असतात.

या छंदासाठी वापरले जाणारे प्रोग्रॅम थोडेच आहेत. गॅरी गोर्स्की यांच्या वुल्व्हरिन स्टुडिओजचा ‘ड्राफ्ट डे स्पोर्ट्स : प्रो बास्केटबॉल’, ब्रायन निकोल्स यांचा ‘फास्ट ब्रेक प्रो बास्केटबॉल’ आणि जेरेमी शेफ यांचा ब्राउझरमध्ये फुकट चालणारा ‘बास्केटबॉल जीएम’ ही त्यांतली ठळक नावे. एकट्याने खेळणाऱ्यालाही आढाव्याची गरज भासतेच. ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये मोसमाच्या तोंडावर अव्वल खेळाडू, वर गेलेले, खाली आलेले आणि बलाढ्य संघ दाखवणारे आयते पान मिळते. पण ते पान म्हणजे भाजीची पिशवी. स्वयंपाक लिहिणाऱ्याने करायचा असतो.

खऱ्या लीगच्या आढाव्याशी याचे नाते चुलतभावासारखे आहे. एनबीएबद्दल लिहिणाऱ्याला खेळाडूचा गुडघा किती बरा झाला, नवा प्रशिक्षक खेळाडूंना रुचेल का, दोन मोठे खेळाडू एकमेकांना चेंडू देतील का, हे अंदाजानेच सांगावे लागते. २०१२ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सने स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड यांना आणले. कोबी ब्रायंट आणि पाऊ गॅसोल होतेच. कागदावर या संघापुढे उभा राहील असा संघ शोधावा लागत होता. सरावाचे आठही सामने ते हरले, मोसम १ विजय आणि ४ पराभवांनी सुरू होताच प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढले गेले, शेवटी ४५ विजयांवर गाडी थांबली आणि प्ले-ऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद लढतींच्या, पहिल्याच फेरीत सॅन अँटोनिओने चार सामन्यांत त्यांचा निकाल लावला. सिम लीगमध्ये अशी गंमत कमी होते, कारण गुडघे आणि मनेही आकड्यांतच असतात आणि बऱ्याच लीगमध्ये ते आकडे सर्वांसमोर उघडे असतात. मग आढाव्यात लिहायचे काय, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर असे की आकडे सर्वांना दिसतात, पण तीस संघांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, उघडून बसायला कोणालाच वेळ नसतो. शेजारच्या संघात सातवा खेळाडू कोण, हे बहुतेक जीएमना आढावा वाचूनच कळते. दुसरी गोष्ट, आढावा नसेल तर लीग म्हणजे नुसता तक्ता. कोण कोणाच्या मागावर आहे, कोणाची विजेतेपदाची खिडकी बंद होत आली आहे, हे कोणीतरी लिहिल्याशिवाय तक्त्यात वैर येत नाही.

कधी लिहायचा, यालाही महत्त्व आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये वर्षातून एकदा सगळ्या खेळाडूंचे रेटिंग, म्हणजे कौशल्याला प्रोग्रॅमने दिलेले गुण, बदलते. काहींत ते सराव शिबिराच्या वेळी होते; ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये करार संपून मुक्त झालेल्या खेळाडूंची खरेदी संपून मोसमपूर्व टप्पा सुरू होतो त्या क्षणी. हा बदल वयावर अवलंबून असतो, पण त्यात नशिबाचा वाटाही मोठा. एकोणीस वर्षांचा पोर एका रात्रीत आठ गुणांनी वर जातो, बाजूचा त्याच वयाचा दोनने खाली येतो. तिशी ओलांडलेल्यांची घसरण जास्त भरवशाची, तरी तिचाही दिवस सांगता येत नाही. म्हणून या टप्प्याआधी लिहिलेला आढावा छापण्यापूर्वीच शिळा होतो, आणि त्यानंतर लिहिणाऱ्याला पहिल्या सिमपर्यंत दोन-तीन दिवसच हाती उरतात. तीस संघ, दोन रात्री. एवढी घाई असल्यामुळेच शेवटच्या सहा संघांच्या वाट्याला एकेक ओळ येते आणि त्यांचे जीएम रुसतात.

रेटिंग वाचायची एक सवय लागावी लागते. ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये मोजपट्टी १०० पर्यंत असली तरी ७५ च्या वरचा खेळाडू दुर्मीळच. शाळेच्या गुणपत्रिकेची सवय असलेला माणूस ६० चा आकडा पाहून नाक मुरडतो आणि चांगला खेळाडू ड्राफ्टमधल्या दोन चिल्लर निवडींच्या बदल्यात देऊन टाकतो. संघाचे एकत्रित रेटिंगही साधी सरासरी नसते. सर्वांत चांगल्या खेळाडूला सर्वांत जास्त वजन, दुसऱ्याला त्याहून कमी, असे उतरत उतरत ते दहाव्यापर्यंत जाते. बास्केटबॉलच्या स्वभावाला हे धरून आहे : मैदानावर पाचच जण, चेंडू एक, आणि उत्तम खेळाडू ४८ पैकी ३५ मिनिटे आत. त्यामुळे सहा चांगल्या खेळाडूंपेक्षा एक असामान्य आणि चार बरे, ही जोडणी बहुधा सरस ठरते. सहांतले दोन देऊन एक असामान्य घेणारा जीएम ट्रेडच्या दिवशी वेडा वाटतो आणि फेब्रुवारीत शहाणा.

तरीही एका आकड्यावर संघ तोलणारा आढावा आळशी समजावा. त्याच प्रोग्रॅममध्ये खेळाडूंना चेंडू हाताळणारा, पास देणारा, तीन गुणांचा नेमबाज, रिंगजवळचा बचावपटू, हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवणारा रिबाउंडर अशी बिरुदे लागतात आणि त्यांच्या जुळणीचा संघाला थोडा फायदा मिळतो. एकत्रित रेटिंगमध्ये ही जुळणी धरलेली नसते. पाच नेमबाज आहेत आणि चेंडू पुढे नेणारा कोणी नाही, असा संघ तक्त्यात दिसतो त्यापेक्षा कमकुवत निघतो. अशी उणीव हेरणे म्हणजे लिहिणाऱ्याची खरी कमाई. बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी रूढ केलेले चार घटक, म्हणजे नेमबाजी, चेंडू गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो, इथेही हाताशी धरता येतात. त्यांनी नेमबाजीला साधारण ४० टक्के वजन दिले होते. गेल्या मोसमात संघ कशामुळे जिंकला आणि तो खेळाडू अजून संघात आहे का, हे या चारांतून चटकन कळते.

विजयांचा आकडा काढण्याची रीत बहुतेकांनी बेसबॉलमधून आलेल्या पायथागोरसच्या सूत्रावरून उचलली आहे. केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागायचे आणि त्या गुणोत्तराचा मोठा घात घ्यायचा. आलेल्या संख्येला तिच्यात एक मिळवून भागले की विजयांचे प्रमाण मिळते. बास्केटबॉलसाठी आकड्यांचे अभ्यासक डॅरिल मोरी यांनी १३.९१ हा घातांक सुचवला, बास्केटबॉल-लेखक जॉन हॉलिंजर १६.५ वापरत. समजा एखादा संघ सामन्याला ११० गुण करील आणि १०७ देईल असे वाटते. मोरींच्या घातांकाने ८२ सामन्यांत सुमारे ४९ विजय येतात, हॉलिंजर यांच्या घातांकाने ५०. कॅल्क्युलेटर नसेल तर सरासरी आघाडीच्या प्रत्येक गुणामागे २.७ विजय धरून ते ४१ मध्ये, म्हणजे ८२ च्या निम्म्यात, मिळवावेत. तीन गुणांना तेही ४९ देते.

यानंतर येते ती चूक, जी अनुभवी लिहिणारेही करतात. तीस संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे एकूण १२३० सामने आणि १२३० विजय. आढाव्यातल्या सर्व विजयांची बेरीज तेवढीच यायला हवी. ती बहुधा तेराशेच्या आसपास भरते, कारण दर संघाबद्दल लिहिताना माणूस थोडा दयाळू होतो. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाला २८ विजय देताना हात आखडत नाही, आणि प्रत्यक्षात तळाचा कोणीतरी १५ वर राहणारच असतो. बेरीज केली की हे ७० जादा विजय कोणाच्या तरी ताटातून काढावे लागतात. हा आढाव्याचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत प्रामाणिक तास.

एवढे करूनही नशीब राहतेच. अगदी बरोबरीच्या संघाच्या ८२ निकालांतला निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, साडेचार विजयांच्या घरात येतो. म्हणजे ज्याला ४९ दिले तो ४४ वर किंवा ५४ वर थांबला, तर लिहिणाऱ्याने काही गाढवपणा केला असे होत नाही. एकच फाइल पुन्हा सिम केली तर तेच संघ वेगळ्या क्रमाने लागतात. दुखापती तर यात धरलेल्याच नाहीत. म्हणून जाणते लोक एक ते तीस असा क्रम लावण्याऐवजी गट पाडतात : विजेतेपदाचे दावेदार, प्ले-ऑफच्या उंबरठ्यावरचे, पुढच्या ड्राफ्टकडे डोळे लावून बसलेले. अकरावा आणि चौदावा यांतला फरक आकड्यांत जवळजवळ नसतोच, भांडण मात्र तिथेच होते.

सरावाच्या सामन्यांवर भर देणे हा नवख्यांचा आवडता मोह. त्याचे एक उदाहरण मुंबईत घडले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात एनबीएचे मोसमपूर्व सामने झाले, भारतातले पहिलेच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे घरचा रंग त्यांच्या बाजूला होता. इंडियानाने पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा आणि दुसरा १३०-१०६ असा जिंकला. त्या मोसमात पेसर्स खरोखरच किंग्जच्या वर राहिले, पण ते एका गुणाच्या त्या निकालावरून आधीच कळले होते असे म्हणणे म्हणजे कावळा बसला आणि फांदी मोडली यातला प्रकार. सिम लीगमध्येही सरावाचे सामने बेंचवरच्यांना मिनिटे देण्यासाठीच असतात.

सिम लीगच्या आढाव्यात एक गोष्ट अशी आहे, जी खऱ्या पत्रकारितेत खपणार नाही : लिहिणारा स्वतःच एका संघाचा जीएम असतो. त्याचे हितसंबंध उघडे आहेत, आणि ते वाचकांनी धरूनच चालायचे असते. ज्या खेळाडूला तो विकायच्या विचारात आहे, त्याच्याबद्दल ‘या वर्षी मोठी झेप घेईल’ असे वाक्य येते. ज्याला घ्यायचे आहे त्याचा करार महाग, वय वाढलेले, बचाव ढिला. स्वतःच्या संघाला मुद्दाम सातवा लावून अपेक्षा खाली ठेवणे हीही जुनी युक्ती. मुरलेले जीएम आढावा दोनदा वाचतात : एकदा माहितीसाठी, एकदा लिहिणारा कोणाच्या मागे आहे ते ओळखण्यासाठी. काही लीग यावर उपाय म्हणून प्रत्येक विभागातले संघ वेगळ्या जीएमकडे देतात, पण त्याने प्रत्येक विभागाचा वेगळा कल येतो एवढेच.

आढावा लिहिल्याचे पारितोषिक म्हणून सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत, थोडी सूट किंवा खेळाडूच्या विकासासाठी गुण देणाऱ्याही लीग आहेत, कारण आढावे लिहिणारे सहज मिळत नाहीत. मोसम संपल्यावर आढावा तपासायचा तर प्रत्येक संघाच्या अंदाजित आणि प्रत्यक्ष विजयांतला फरक काढून त्याची सरासरी घेतात. पण ती सरासरी एकटी काही सांगत नाही. तिच्या शेजारी एक बिनडोक अंदाज ठेवावा लागतो : गेल्या मोसमाचे विजय घ्यायचे आणि प्रत्येकाला थोडे ४१ कडे ढकलायचे. रोस्टर न उघडता, दोन मिनिटांत होणारे हे काम पुष्कळदा दोन रात्री जागून लिहिलेल्या आढाव्याच्या अगदी जवळ येते, कधी पुढेही जाते.