डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना भरवसा कशावर ठेवावा?

पाण्याखाली किती वेळ राहता येईल आणि किती सावकाश वर यावे हे सांगणारा, डायव्हरच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आपला सारा हिशेब मुख्यतः दोन मोजमापांवर करतो: भोवतालचा दाब आणि उलटलेला वेळ. शरीरात किती नायट्रोजन विरघळला आहे हे त्याला मोजता येत नाही. तो केवळ गणिताने त्याचा अंदाज बांधतो. त्यामुळे खरेदी करताना रंगीत पडद्याआधी हा अंदाज कोणत्या पद्धतीने बांधला जातो आणि त्यामागची मोजमापे किती खात्रीची आहेत, हे पाहायला हवे.

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो आणि त्या प्रमाणात श्वासातला नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळू लागतो. डायव्हर घाईने वर आला, तर हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही घडवू शकतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे १९०८ मध्ये सुरक्षितपणे वर कसे यावे याचे पहिले शास्त्रीय तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनी शरीराची पाच काल्पनिक कप्प्यांत विभागणी केली आणि प्रत्येक कप्पा निम्मा भरण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धकाल, वेगवेगळा मानला. पुढे झुरिचमध्ये स्विस डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमन यांनी कप्प्यांची संख्या १६ वर नेली आणि त्यांचे अर्धकाल सुमारे ४ मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत ठरवले. १८ मीटरवर अर्धा तास घालवला, तर ५ मिनिटांच्या अर्धकालाचा कप्पा जवळजवळ पूर्ण भरतो, तर ६३५ मिनिटांचा कप्पा जेमतेम ३ टक्के. मात्र हा मंद कप्पा रिकामाही तितक्याच सावकाश होतो, म्हणून सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर त्याचा शिल्लक भार विचारात घ्यावा लागतो.

एकाच खोलीवर दोन वेगळे कॉम्प्युटर वेगवेगळा शिल्लक वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली आणखी किती राहता येईल तो वेळ) दाखवतात, याचे कारण त्यांच्या गणितात असते. काही उत्पादक आपले गणित गुप्त ठेवतात. माझ्या मते, ब्यूलमन पद्धतीसारखे जाहीर गणित वापरणारे आणि ग्रेडियंट फॅक्टर (ब्यूलमन यांच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे हे ठरवणारी दोन आकड्यांची जोडी) स्वतः ठरवू देणारे उपकरण अधिक भरवशाचे, कारण ते किती सावध आहे हे वापरणाऱ्याला नेमके कळते. उदाहरणार्थ, या जोडीतला दुसरा आकडा ८५ असेल, तर पृष्ठभागावर येताना कोणत्याही कप्प्यातील नायट्रोजनचा जादा दाब ब्यूलमन यांच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ दिला जात नाही. वय जास्त असेल, पाणी गार असेल किंवा श्रम अधिक होणार असतील, तर हा आकडा आणखी खाली आणणे शहाणपणाचे ठरते.

खोली व वेळ मोजण्याच्या अचूकतेसाठी युरोपात ईएन १३३१९ हे मानक आहे. त्याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत आहे का, हे पाहावे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेत सुमारे ३ टक्क्यांचा फरक असल्याने पाण्याच्या प्रकाराची नोंद चुकली, तर पडद्यावरची खोली थोडी चुकते. नायट्रोजनचा हिशेब मात्र थेट दाबावरून होत असल्याने तो बिघडत नाही.

बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते बॅटरीकडे. स्वतः बदलता येणारा सेल सोयीचा असतो, परंतु झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी पाणी आत शिरू शकते. सेल बदलताना आधीच्या डाइव्हमधला नायट्रोजनचा हिशेब स्मृतीत टिकतो की पुसला जातो, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

पडद्यावर खोली, थांब्याविना शिल्लक राहिलेला वेळ आणि वर येण्याचा वेग या तीन गोष्टी एका नजरेत वाचता आल्या पाहिजेत. सुमारे ३० मीटरच्या खाली नायट्रोजनची गुंगी विचार मंदावते आणि तेव्हा बारीक अक्षरे किंवा गुंतागुंतीचे मेन्यू धोक्याचे ठरतात. बटणे हातमोजे घालून दाबून पाहावीत. नायट्रॉक्स, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण, वापरायचे असेल, तर ऑक्सिजनचे प्रमाण भरण्याची सोय हवीच. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात एकट्या ऑक्सिजनच्या दाबाला १.४ वातावरण ही मर्यादा धरली, तर सुमारे ३३ मीटरखाली जाता येत नाही. टाकीतला दाब बिनतारी दाखवणारी यंत्रणा उपयुक्त असली, तरी तिचा संकेत मध्येच तुटू शकतो. म्हणून नळीला जोडलेला साधा दाबमापक काढून टाकू नये.

इतके पाहूनही उपकरण पाण्याखाली बंद पडू शकते. तसे झाल्यास, थांब्याविना वर येण्याच्या मर्यादेत असलेल्या डायव्हरने सावकाश वर यावे, ५ मीटरवर ३ ते ५ मिनिटे थांबावे आणि त्या दिवसाचे डायव्हिंग थांबवावे. दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागून पुन्हा उतरणे घातक, कारण त्यात असतो तो त्याच्या मालकाच्या शरीराचा हिशेब. आणि कोरा कॉम्प्युटर वापरला, तर आधीचा सगळा नायट्रोजन त्याच्या लेखी शून्य असतो. म्हणूनच रोज अनेक डाइव्ह करणाऱ्यांनी दुसरा, साधाच का होईना, कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हपासून सोबत बांधावा.