सेट (इंग्रजी शब्द)

सेट : इंग्रजीतील कमालीचा अनेकार्थी शब्द. क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही नात्यांनी तो रूप न बदलता येतो. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ मधील वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत या शब्दाचे सुमारे ४३० अर्थ नोंदवले आहेत. एकट्या या शब्दाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची असून ती त्या आवृत्तीतील सर्वांत मोठी नोंद आहे. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ निश्चित झाले आणि २०११ पासून पहिला क्रमांक त्या शब्दाकडे गेला.

आज एकच दिसणारा हा शब्द मुळात दोन वेगळ्या शब्दांचा संगम आहे. क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘सेटान’पासून आले असून ते ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. म्हणजे ‘सेट’चा मूळ अर्थ ‘बसवणे’ एवढाच. या धातूचे संस्कृतातील भावंड ‘सद्’ होय. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द त्याच्यापासूनच झाले आहेत. गाळ खाली बसून पाणी निवळावे तसे मन निर्मळ होणे या अर्थाने ‘प्रसाद’ही त्याच घरातला. ‘समूह’ या अर्थाचे नाम मात्र जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा पंथ. त्यामागचा ‘मागोमाग जाणे’ हा धातू संस्कृत ‘सच्’चा सगोत्र आहे आणि ‘सचिव’ म्हणजे सोबती हा शब्द ‘सच्’पासूनच झालेला आहे. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाल्यावर अर्थही परस्परांत मिसळले आणि ‘एकत्र मांडलेल्या वस्तू तो सेट’ अशी समजूत रूढ झाली.

क्रियापदाचे अर्थ कसे फुटत गेले, हे मराठी वाचकाला आपल्या ‘बसवणे’वरून चटकन उमगेल. ‘बसणे’ हे संस्कृत ‘उपविश्’पासून आले असल्यामुळे ‘सेट’शी त्याचे व्युत्पत्तीचे नाते नाही, तरी वाट बरीचशी सारखी आहे. निखळलेले हाड बसवतात, कोंदणात खडा बसवतात, कवळी बसवतात, नाटक बसवतात, कर बसवतात, गणपती बसवतात. यांपैकी हाड आणि खडा यांना इंग्रजीतही नेमके ‘सेट’च लागते. मूर्त वस्तू जागी ठेवण्यापासून अमूर्त गोष्ट निश्चित करण्यापर्यंतचा हा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या परीने केला आहे.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. मराठीत किंमत ठरवतात, टेबल मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, तर आग, सापळा आणि गजर लावतात. इंग्रजीत या सर्वांना ‘सेट’ पुरते. म्हणून शब्दकोशात पहिला दिलेला ‘ठेवणे’ हा अर्थ भाषांतरात फारसा कामी येत नाही. कर्म कोणते आहे ते पाहूनच मराठी क्रियापद निवडावे लागते. सूर्याच्या बाबतीतही इंग्रजीने बसण्याचीच कल्पना धरली. प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेटलगांग’, म्हणजे आसनाकडे जाणे, असा शब्द होता. आपल्याकडे सूर्य मावळतो.

पातळ पदार्थ घट्ट होणे हा अर्थ स्वयंपाकघरात आणि बांधकामावर रोज लागतो. जेली आळते, दही लागते, सिमेंट सेट होते. सिमेंटच्या बाबतीत या शब्दाला काटेकोर पारिभाषिक अर्थ आहे: पाणी घातल्यावर रासायनिक क्रियेने लगद्याची लवचीकता जाणे म्हणजे सेटिंग. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचा प्रारंभिक सेटिंग काल किमान ३० मिनिटे आणि अंतिम काल कमाल ६०० मिनिटे असावा लागतो. सेट झालेले काँक्रीट पुरते मजबूत झाले असे नव्हे. त्याचे बळ पुढे कित्येक आठवडे वाढत राहते आणि म्हणूनच त्यावर पाणी मारत राहावे लागते.

अव्यये जोडली की अर्थ आणखी फाकतात. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, तसेच कोणाला कटात गोवणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, फटाका उडवणे आणि हिशेबात वजावट करणे. ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणे. परंतु न्यायालयाने आदेश ‘सेट असाइड’ केला तर तो रद्द झालेला असतो. बातमीत ‘आदेश बाजूला ठेवला’ असे लिहिल्यास निकाल अजून लागायचा आहे असा गैरसमज होतो, तेव्हा तेथे ‘रद्दबातल ठरवला’ असेच लिहावे.

नामाच्या पारिभाषिक अर्थांत गणितातला अर्थ सर्वांत महत्त्वाचा. जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी १८७४ पासून ज्या सिद्धांताचा पाया घातला, त्यातील या संकल्पनेला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘संच’ म्हणतात. ज्या समूहात एखादी गोष्ट आहे की नाही हे निःसंदिग्धपणे सांगता येते, तोच संच. ‘वर्गातील हुशार मुले’ हा संच होत नाही. टेनिसमध्ये किमान दोन गेमची आघाडी घेऊन सहा गेम जिंकणाऱ्याला सेट मिळतो आणि सहा-सहा अशी बरोबरी झाल्यास सहसा टायब्रेक खेळतात.

मराठीत हा शब्द आता घरचाच झाला आहे. दागिन्यांचा सेट, टीव्ही सेट, चित्रीकरणाचा सेट, व्यायामशाळेत मारायचे सेट ही नामे सर्रास चालतात. उडपी हॉटेलांत दोन-तीन मऊ, जाडसर डोसे एकत्र मिळतात, तो सेट डोसा. क्रियापदाला मराठी ‘होणे’ किंवा ‘करणे’ची जोड घेते. नोकरी लागून घर झाले की माणूस ‘सेट झाला’. खेळपट्टीवर जम बसला की फलंदाजही सेट होतो. ‘सेटिंग’ला मात्र आपल्याकडे संगनमताचा वास आला आहे: ‘निविदेत सेटिंग होते’ यातला आरोप इंग्रजी शब्दात नाही, तो भारतीय भाषांनी घातला आहे. सहायक प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा मात्र इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव असून प्रस्तुत शब्दाशी तिचा संबंध नाही.