रस्ता आखायच्या आधी मला एक खड्डा खणू द्या

साईटवर पोचलं की पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलंच असतं, "मॅडम, इथे तर पाणीच नाहीये." आणि समोर बघितलं तर खरंच नसतं. वाळलेलं गवत, भेगा पडलेली जमीन, बाजूने जाणारा जुना रस्ता. मी पाणथळ जागांवर काम करणारी बायोलॉजिस्ट आहे, आणि माझं बरंचसं काम स्थानिक प्रशासनाच्या रस्त्यांवर चालतं, मोठे हायवे नाहीत, दोन मीटर रुंदीकरण, एखादं वळण सरळ करणं, जुनी मोरी बदलणं, कडेचं गटार खोल करणं असली कामं. ड्रॉइंगवर ही कामं इतकी किरकोळ दिसतात की त्यात बायोलॉजिस्टचं काय काम असं कुणालाही वाटेल, पण पाणथळ जागेच्या दृष्टीने तीच जास्त काळजीची असतात, कारण ती सगळीकडे असतात आणि सतत चालू असतात.

तर पाणी नसताना पाणथळ ओळखायची कशी? जमीन वर्षभर पाण्याखाली असायला पाहिजे असं काही नाही. अमेरिकेत 1987 साली आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे तिथल्या लष्कराच्या इंजिनिअरिंग खात्याने, पाणथळ ओळखायचं एक मॅन्युअल काढलं, त्यात तीन गोष्टी बघायला सांगितल्यात, झाडं, माती आणि पाणी. पाण्याचा निकष आता साधारण असा धरतात की वनस्पती वाढायच्या दिवसांत सलग 14 दिवस किंवा जास्त पाण्याची पातळी जमिनीखाली 30 सेंटीमीटरच्या आत असली पाहिजे, आणि हे 10 पैकी निदान 5 वर्षं व्हायला पाहिजे. म्हणजे वर्षातले बाकीचे साडेअकरा महिने तुम्ही तिथून कोरड्या बुटांनी चालत गेलात तरी ती जागा पाणथळ असू शकते.

आता मी ज्या दिवशी जाते तो त्या 14 दिवसांतला असेलच असं नाही. म्हणून मग फावडं. साधारण अर्धा मीटर खोल खड्डा खणायचा, एका बाजूचा मातीचा काप अख्खा बाहेर काढायचा, हाताने मोडायचा (फावड्याने कापलेला गुळगुळीत भाग बघायचा नाही, आत मोडलेला बघायचा) आणि थोडं पाणी शिंपडून रंग बघायचा. रंगासाठी मनसेलचं पुस्तक असतं. अल्बर्ट मनसेल हे खरं तर चित्रकार आणि चित्रकलेचे शिक्षक, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग मोजायची पद्धत बसवली आणि आज जगभरचे मातीवाले लोक तीच वापरतात. पानावर रंगाचे चौकोन, प्रत्येकाखाली भोक, भोकामागे माती धरायची आणि जुळतो का बघायचं. गॉगल काढून, उन्हाकडे पाठ करून. चौकोनाचा क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा, 2 किंवा त्याखाली आला आणि त्या राखाडी मातीत नारिंगी ठिपके दिसले की मी खाली बसते आणि नीट बघायला लागते.

हे होतं कशामुळे तर लोखंडामुळे. मातीचा तांबूस-पिवळा रंग म्हणजे मातीच्या कणांवर बसलेला गंजच. माती पाण्याने भरली की तिच्यातल्या पोकळ्यांमध्ये हवा येत नाही, जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, पण त्यांना जगायचं असतं, मग ते ऑक्सिजनचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घेतात, आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, मग सल्फेट, आणि अगदीच काही उरलं नाही की मिथेन तयार होतो. लोखंडाची पाळी आली की गंज विरघळतो आणि पाण्याबरोबर सरकतो, मागे उरते ती राखाडी माती. आणि जिथे मुळाच्या कडेने किंवा गांडुळाच्या बिळातून थोडी हवा आत येते तिथे तेच लोखंड परत गंजून बसतं. म्हणून जिवंत मुळाभोवती नारिंगी नळी दिसली तर मला फार आनंद होतो, कारण मूळ आत्ताचं आहे म्हणजे पाणीही आत्ताचं आहे. सल्फेटपर्यंत गाडी गेली असेल तर बघायचीही गरज नाही, खड्ड्यातून सडक्या अंड्याचा वास येतो.

फसायला होतं तेही सांगते. जागा कधीकाळी पाणथळ होती आणि नंतर कुणीतरी चर खणून सुकवली तरी माती वर्षानुवर्षं राखाडीच राहते. तेव्हा ठिपक्यांच्या कडा बघायच्या. कडा धूसर, आजूबाजूच्या मातीत मिसळत गेलेल्या असतील तर प्रक्रिया चालू आहे, आणि कातरून काढल्यासारख्या स्पष्ट असतील तर बहुतेक जुनी गोष्ट. ओल्या मातीवर लावायची एक पट्टीही मिळते, लोखंड विरघळलेल्या रूपात असेल तर ती गुलाबी होते. फक्त फावड्याचं पातं जिथे लागलंय तिथे ती लावायची नाही, नाहीतर पात्याच्या लोखंडानेच गुलाबी व्हायची.

झाडांचं थोडक्यात. पाणकणीस, लव्हाळे यांच्या खोडात आणि मुळात हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली जाते. एखादं पाणकणीस आडवं कापून बघा, आत स्पंजासारखी जाळी दिसेल. पण सगळी झाडं इतकी सरळ नसतात, काही दोन्हीकडे वाढतात, म्हणून एकट्या झाडांवर मी कधीच सही करत नाही.

आता रस्त्याकडे येते, कारण खरं नुकसान कुठे होतं हे समजायला वेळ लागतो. लोकांना वाटतं पाणथळीवर भराव पडला तेवढीच गेली. भरावाखालची तर जातेच, पण पाणथळीतलं पाणी बरेचदा ओढ्यासारखं एका जागेतून वाहत नाही, ते अख्ख्या रुंदीभर पातळ थरात, गवतातून, मातीच्या वरच्या पदरातून सरकत असतं, आणि आपण त्याच्या आडवा भराव टाकून मध्ये एक पाईप ठेवतो. म्हणजे रस्ता हे धरण झालं. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, ज्या झाडांना वर्षातले थोडेच दिवस ओल चालते त्यांची मुळं गुदमरतात आणि दोनचार वर्षांत उभी झाडं वाळायला लागतात. खालच्या बाजूला पाणी एका धारेत येतं, चर पडतो, आणि त्या चराच्या दोन्ही बाजूंची जमीन सुकत जाते. खाली कुजलेल्या वनस्पतींची मऊ, पीटसारखी माती असेल तर आणखी वाईट, भरावाच्या वजनाने ती दबते आणि जमिनीखालून येणारं पाणीही अडतं. कडेचं गटार खोल केलं तर तेही पाणी ओढून घेतं, चिकणमातीत त्याचा परिणाम फार लांब जात नाही पण वाळूच्या जमिनीत बराच आत जातो. रस्त्याला हात न लावता नुसतं गटार अर्धा मीटर खाली नेलं तरी शेजारची पाणथळ जाऊ शकते, आणि ती गेल्याची नोंद कुठेच होत नाही कारण कागदावर तिच्यात कुणी काही टाकलेलंच नसतं.

मोरीचंही तसंच. पाईप अरुंद असला की पाणी त्यातून जोरात सुटतं, तोंडापाशी जमीन खरवडते, खड्डा होतो, तळ खाली जातो आणि काही वर्षांनी पाईपचं तोंड हवेत लटकतं. वाहनाला फरक पडत नाही, रस्ता शाबूत असतो, पण वर जाणाऱ्या छोट्या माशासाठी ती भिंतच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात असल्या मोऱ्यांवरून सॅल्मन मासेमारीचा हक्क असलेल्या मूलनिवासी जमातींनी राज्याविरुद्ध दावा लावला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2018 मध्ये न्यायाधीश 4 विरुद्ध 4 असे विभागले गेल्याने खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहिला, राज्याने मोऱ्या दुरुस्त करायच्या. तिथे मोरीची रुंदी ठरवायचा एक नियम वापरतात, ओढ्याची काठोकाठ रुंदी गुणिले 1.2, अधिक 2 फूट, आणि आत ओढ्याचाच गोटे-वाळूचा तळ चालू ठेवायचा. मला हा विचार पटतो, कारण त्यात पुराचं पाणी जाईल एवढ्यावर न थांबता ओढा ओढ्यासारखा जाईल हे बघितलंय. बेडूक आणि सॅलॅमँडर (दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) यांच्यासाठीही असंच. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्टला 1987 साली रस्त्याखालून सॅलॅमँडरसाठी दोन छोटे बोगदे केले, वसंतातल्या पावसाळी रात्री ते जंगलातून हंगामी डबक्याकडे अंडी घालायला जातात म्हणून. ही डबकी पुढे आटतात, म्हणूनच त्यात मासे नसतात आणि म्हणूनच अंडी वाचतात. आटणं हाच त्यांचा जीव आहे, आणि "आटलेलं डबकं" म्हणूनच ती बुजवली जातात.

कामाचा क्रम सगळीकडे साधारण सारखाच, आधी टाळा, मग कमी करा, आणि उरलेल्याची दुसरीकडे भरपाई करा. माझा अनुभव असा की मला बोलावतात तिसऱ्या पायरीला, आखणी झालेली, जमीन घेतलेली, टेंडर निघायला आलेलं. एका कामात इंजिनिअर साहेबांनी मला आखणीच्या आधीच बोलावलं, आम्ही दोघांनी मिळून सकाळभर नऊ खड्डे खणले, सातव्यात राखाडी माती लागली आणि त्यांनी तिथेच उभं राहून मध्यरेषा चार मीटर सरकवली, खर्च जवळपास शून्य. दुसऱ्या एका कामात तेवढ्याच तुकड्यासाठी नवी पाणथळ तयार करावी लागली. पाणी आलं, पाणकणीसही आलं, पण खाली माती अजून आणून टाकलेलीच दिसते, त्या नारिंगी नळ्या, तो काळा कुजका थर, हे रोपांसारखं आणून लावता येत नाही.

गेल्या वर्षी एक लटकलेली मोरी काढून रुंद बसवली. काम व्हायच्या आधी भरावाच्या दोन्ही बाजूंना आम्ही भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाईप पुरले होते, पातळी मोजायला, आणि तेव्हा वरच्या पाईपात पाणी हाताला लागायचं तर खालचा कोरडा असायचा. परवा पाऊस उघडल्यावर गेले, आधी वरचं टोपण काढून टेप सोडली, मग रस्ता ओलांडून खालचं काढलं. टेप ओली झाली. आकडा वहीत लिहिला, मग तिथेच दोन पावलांवर फावडं रोवलं. माती अजून तपकिरीच आहे, पण गवताच्या एका मुळाभोवती केसाएवढी नारिंगी रेघ होती.