मेल सुटला, कॅलेंडर अडकले : सिंकच्या गोंधळामागचा इतिहास

फोन ॲपलचा, कार्यालयाचा मेल मायक्रोसॉफ्टचा आणि घरचे कॅलेंडर गुगलचे, अशी विभागणी आता नित्याची झाली आहे. या तिन्ही ठिकाणी मेल बहुधा बिनतक्रार पोहोचतो. कॅलेंडरमधली बैठक मात्र कधी दोनदा दिसते, कधी तासभर सरकते, आणि संपर्क यादीत एकाच माणसाच्या तीन नोंदी जमतात. मेल हा मुळातच एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्यासाठी असतो, त्यामुळे त्याचे नियम सामायिक ठेवण्यावाचून कोणालाच गत्यंतर नव्हते. कॅलेंडर आणि संपर्क एकाच कंपनीच्या सर्व्हरवर सुखाने नांदू शकतात, आणि ग्राहकावरची पकड तिथेच ठेवता येते हे कंपन्यांनी लवकर ओळखले.

मेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२ मध्ये ठरला. आलेला मेल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी १९८४ मध्ये पॉप आला, पण त्यात मेल एकाच यंत्रावर राहणार हे गृहीत होते. स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅपची कल्पना मांडली आणि हे गृहीतक उलटे केले : मूळ प्रत सर्व्हरवरच राहील, आणि कोणता मेल वाचला, कोणता काढून टाकला याची नोंदही तिथेच राहील. अनेक यंत्रांवरची माहिती एकमेकांशी जुळती ठेवण्याला आज आपण सिंक म्हणतो, त्याचे बीज यात आहे. जीमेलने ऑक्टोबर २००७ मध्ये आयमॅप फुकट दिल्यावर ही सोय सामान्य वापरकर्त्यापर्यंत आली. तिथेही एक मेख होतीच, कारण जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबले असतात. दोन लेबले लावलेला एकच मेल इतर प्रोग्रॅममध्ये दोन फोल्डरांत दिसू लागला. तरीही मेलचा प्रश्न त्यानंतर बव्हंशी मिटला, असे म्हणायला हरकत नाही.

कॅलेंडर आणि संपर्कांची सुरुवात वेगळ्या टोकाकडून झाली. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट हा हातात मावणारा छोटा संगणक त्याच्या स्टँडवर ठेवून एक बटण दाबले की तो संगणकाशी जुळवून घेत असे. एक यंत्र, एक संगणक, मध्ये एक वायर. त्याच सुमारास ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या संघाने संपर्कांसाठी व्हीकार्ड आणि कॅलेंडरसाठी व्हीकॅलेंडर हे नोंदींचे साचे तयार केले. व्हीकॅलेंडरवरून पुढे १९९८ मध्ये आयकॅलेंडर हा मानक झाला, आणि बैठकीच्या निमंत्रणासोबत येणारी फाइल आजही त्याच साच्यात असते. देवनागरीत नावे साठवणाऱ्यांना व्हीकार्डच्या जुन्या आवृत्तीची आठवण नक्की असेल : एका फोनमधून दुसऱ्यात संपर्क नेले की नावाच्या जागी बरोबरीच्या चिन्हांची आणि रोमन अक्षर-अंकांची माळ उमटत असे. त्या आवृत्तीत अशी अक्षरे सांकेतिक रूपात लिहिली जात, आणि घेणाऱ्या फोनला तो संकेत उलगडता आला नाही की ती तशीच दिसत. सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या युनिकोडचा यूटीएफ-८ संकेत सक्तीचा झाला तो २०११ च्या चौथ्या आवृत्तीत.

या साच्यांची खरी मर्यादा मात्र दुसरी होती. नोंद कशी लिहावी हे त्यांनी सांगितले. दोन ठिकाणी बदललेली तीच नोंद पुन्हा एक कशी करावी, हे सांगितले नाही. फोनमध्ये एक संपर्क आहे आणि सर्व्हरवर नाही. तो फोनमध्ये नव्याने जोडला गेला, की सर्व्हरवरून काढून टाकला गेला? मागच्या वेळी दोन्हीकडे काय होते याची आठवण ठेवल्याशिवाय हे कळू शकत नाही, आणि चुकीचा अंदाज केला तर काढलेला माणूस परत येतो किंवा हवा असलेला नाहीसा होतो. दर मंगळवारच्या बैठकीतला एकच मंगळवार बुधवारी ढकलला, तर गुंता आणखी वाढतो. नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम आदींनी २००० मध्ये सिंकएमएल हा सामायिक नियम आणला तो नेमका यासाठी. अनेक फोनांत तो आला. पण कार्यालयांतला खरा माल, म्हणजे मेल, कॅलेंडर आणि संपर्क, मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवर होता, आणि तिथे जाण्याच्या वाटा मायक्रोसॉफ्ट ठरवत होती.

ती वाट म्हणजे एक्सचेंज ॲक्टिव्हसिंक. मेल, कॅलेंडर आणि संपर्क तिन्ही एकाच जोडणीतून, आणि बदल झाल्याबरोबर फोनवर; ब्लॅकबेरी फोनने लावलेल्या सवयीला हे मायक्रोसॉफ्टचे उत्तर होते. त्याचा परवाना इतर कंपन्यांनी घेतला. ॲपलने जुलै २००८ मध्ये आयफोनमध्ये ती सोय दिली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये गुगलनेही त्याच तंत्रावर गुगल सिंक सुरू केले. म्हणजे गुगलचे कॅलेंडर ॲपलच्या फोनवर मायक्रोसॉफ्टच्या नियमाने पोहोचत होते. हा समेट फार काळ टिकणारा नव्हता.

दरम्यान खुला पर्याय आकाराला येत होता. वेबवरील फाइली हाताळण्याच्या वेबडॅव्ह नियमावर बेतलेला कॅलडॅव्ह मार्च २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी सिरस डाबू ॲपलमध्ये काम करत, आणि ॲपलने त्याच वर्षी मॅकच्या लेपर्ड आवृत्तीत तो घेतला. संपर्कांसाठीचा कार्डडॅव्ह २०११ मध्ये आला. गुगलने हे दोन्ही आपल्या सर्व्हरवर आणले, आणि मग १४ डिसेंबर २०१२ रोजी जाहीर केले की ३० जानेवारी २०१३ नंतर फुकट खात्यांसाठी गुगल सिंकची नवी जोडणी मिळणार नाही. आयफोनवाल्यांना कॅलडॅव्हचा रस्ता मोकळा होता. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनला मात्र कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह यांतले काहीच येत नव्हते. खुल्या मानकाचा पुरस्कार आणि प्रतिस्पर्ध्याची कोंडी एकाच घोषणेत साधली गेली. हेतू काय होता हे सांगता येत नाही, परिणाम मात्र कोणालाही दिसत होता. अखेर विंडोज फोनसाठी मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली आणि मायक्रोसॉफ्टने ते दोन्ही नियम आपल्या फोनमध्ये घातले.

गंमत पुढेच आहे. १३ मार्च २०१३ रोजी, संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र वाचण्याची गुगल रीडर ही सेवा बंद करण्याच्या त्याच घोषणेत, गुगलने सांगितले की सप्टेंबरपासून कॅलडॅव्ह फक्त मान्यता दिलेल्या विकासकांनाच वापरता येईल. ज्या खुल्या दारातून जायला तीन महिन्यांपूर्वी सांगितले, त्यावर आता पहारेकरी बसणार होता. विकासकांनी ओरड केली आणि जूनमध्ये गुगलने माघार घेतली. कॅलडॅव्ह सर्वांसाठी राहिले, कार्डडॅव्हही खुले झाले. त्याच सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमला आयमॅप मिळाले. आजची मांडणी बरीचशी त्या वर्षाची देणगी आहे.

ही मांडणी अर्धवटच आहे. अँड्रॉइडमध्ये कॅलडॅव्ह मुळातून नाही. त्यासाठी डॅव्हएक्स५ सारखे वेगळे ॲप लागते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल-कॅलेंडर प्रोग्रॅमच्या विंडोजवरील पारंपरिक आवृत्तीलाही कॅलडॅव्ह स्वतःहून येत नाही. मग लोक कॅलेंडरची आयकॅलेंडर लिंक दुसऱ्या सेवेत जोडतात. पण ती केवळ पाहण्यापुरती असते आणि तिच्यातले बदल उमटायला कधी कधी तास लागतात. त्यात २०२२ पासून गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही साध्या पासवर्डने जोडणी करणे मोठ्या प्रमाणावर बंद केले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण नियम खुला असला तरी आत जाण्याची परवानगी पुन्हा त्या-त्या कंपनीकडेच गेली.

तासभर सरकणाऱ्या बैठकीचे मूळ मात्र वेगळे आहे, आणि पुण्यातून अमेरिकेशी काम करणाऱ्यांना ते वर्षातून दोनदा भेटते. बैठक अमेरिकेच्या वेळेत ठरलेली असेल, तर तिथले घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलताच ती आपल्याकडे एका तासाने हलते. हे बरोबरच आहे. घोळ होतो तो कालपट्ट्यांच्या नावांमुळे. विंडोज आपल्या वेळेला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणते, तर इतर बहुतेक प्रणाली ‘एशिया/कोलकाता’ हे नाव वापरतात. या नावांची जुळणी करणारा तक्ता युनिकोड संघ सांभाळतो, आणि एखाद्या प्रोग्रॅमने तो नीट वापरला नाही की वेळ चुकते.

मेलबर्नच्या फास्टमेल कंपनीच्या पुढाकाराने तयार झालेला जेमॅप हा नवा नियम २०१९ मध्ये मेलसाठी प्रसिद्ध झाला. मागच्या भेटीनंतर काय बदलले, एवढेच सर्व्हरला विचारण्याची सोय त्याच्या गाभ्यातच आहे, आणि कॅलेंडर व संपर्कांसाठीचे नवे साचेही त्यामागोमाग आले. जीमेल, ॲपलचे आयक्लाउड आणि आउटलुक डॉट कॉम यांपैकी कोणीही तो आपल्या वापरकर्त्यांना अद्याप दिलेला नाही.