ऐकण्याची साधना आणि मेंदूची घाई

दोन माणसे बोलत असतात तेव्हा एकाचे वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो. नेदरलँड्समधील माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधील रोजची संभाषणे तपासली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले अंतर सगळीकडे याच्याच आसपास आढळले. जपानी बोलणारे थोडे लवकर आणि डॅनिश बोलणारे थोडे उशिरा उत्तर देतात, एवढाच काय तो फरक. पण समोर दाखवलेल्या चित्राचे नाव सांगायचे म्हटले, तरी तो एक शब्द शोधून ओठांवर आणायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा की समोरचा माणूस अजून बोलत असतानाच आपल्या मनात उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते. २०१५ मध्ये मेंदूतील विद्युतलहरी मोजून केलेल्या एका प्रयोगात तर असे दिसले की उत्तर सुचण्याइतकी माहिती कानावर पडली की अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तराची तयारी सुरू होते, मग प्रश्नाचे उरलेले शब्द अजून यायचे असले तरीही.

ऐकण्याला साधना मानणाऱ्या परंपरांनी नेमके या घाईवरच बोट ठेवले आहे, असे मला वाटते. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन (एकाग्र, सततचे चिंतन) असा क्रम सांगतात; नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते; आणि सहाव्या शतकातील ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांची सुरुवातच ‘ऐक’ या आज्ञेने होते. या तिन्ही ठिकाणी विचार करण्याआधी आणि बोलण्याआधी ऐकणे आहे. रोजच्या संभाषणात मेंदू या पायऱ्या एकमेकींवर चढवतो, म्हणून त्या सुट्या करणे मुद्दाम शिकावे लागते.

ऐकणे म्हणजे आवाज आपोआप कानात शिरणे, ही समजूत शरीरशास्त्रात टिकत नाही. आतल्या कानातील कॉक्लिया या शंखाकृती नळीत सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी, म्हणजे कंपने टिपणाऱ्या केसाळ टोकांच्या पेशी, असतात. मेंदूला आवाजाची खबर मुख्यतः आतल्या केशपेशी देतात. संख्येने तिप्पटीहून अधिक असलेल्या बाहेरच्या पेशी मात्र स्वतः लांब-आखूड होऊन क्षीण कंपने वाढवतात, आणि मेंदूकडून कानाकडे उलट येणारे चेतातंतू त्यांच्यापाशी येऊन त्यांचे हे काम कमी करू शकतात. या हालचालींमुळे निरोगी कान स्वतःही अत्यंत मंद आवाज निर्माण करतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज त्याच आधारावर केली जाते. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. आपण स्वतः बोलू लागण्याच्या किंचित आधी मध्यकर्णातला एक इवलासा स्नायू आकुंचन पावतो, आणि बोलत असताना मेंदूतील श्रवणकेंद्राचा प्रतिसादही मंदावतो. बोलणाऱ्याचे ऐकणे कमी होते, हे अगदी शब्दशः खरे आहे.

तरीही ऐकणे हे लक्ष कुठे आहे यावर किती अवलंबून असते, हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि त्यांपैकी एक मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानात बाई बोलत होती की पुरुष, हे लोकांना सांगता आले. ती व्यक्ती काय बोलत होती, हे सांगता आले नाही, आणि मध्येच इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झाले तेही बहुतेकांच्या लक्षात आले नाही. मेंदूत यावेळी काय घडते हे २०१२ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी पाहिले. अपस्मारावरील (फिट येण्याच्या आजारावरील) उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवलेले होते, अशा रुग्णांना त्यांनी दोन आवाज एकात एक मिसळून ऐकवले. मग श्रवणकेंद्रातील विद्युत्-नोंदींवरून ध्वनीची पुन्हा जुळणी केली, तेव्हा जो आवाज रुग्ण लक्ष देऊन ऐकत होता, तो आवाज एकटाच असता तर जसा दिसला असता तसाच त्या जुळणीत दिसला. रुग्णाचे लक्ष चुकून दुसऱ्या आवाजाकडे गेले, तर जुळणीही त्या दुसऱ्या आवाजाची निघे. शेजारी बसून आपले बोलणे ‘ऐकणाऱ्या’ माणसाच्या मेंदूत आपला आवाज पुरता पोचलेलाच नाही, हे अशा वेळी काही केवळ आपल्या मनाचे दुखणे नसते.

ध्यानाने हे लक्ष बदलते का, याचा शोध बराच जुना आहे. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि सिंग यांनी समाधीत बसलेल्या योग्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी, म्हणजे शांत बसले असता दिसणाऱ्या आणि एरवी आवाजाने खंडित होणाऱ्या विद्युतलहरी, नोंदवल्या; मोठ्या आवाजानेही त्या लहरी खंडित झाल्या नाहीत. १९६६ मध्ये जपानचे कासामात्सू आणि हिराई यांना झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या साधकांत वेगळेच चित्र दिसले. ठरावीक अंतराने तोच ‘टिक’ आवाज ऐकवला की सामान्य माणसाच्या लहरी त्याला सरावतात आणि प्रतिसाद विरत जातो. अनुभवी झेन साधकांचा मेंदू मात्र प्रत्येक ‘टिक’ जणू पहिल्यांदाच ऐकत होता. या निष्कर्षाचे आकर्षण इतके आहे की तो आजही सर्रास सांगितला जातो. म्हणूनच हेही सांगितले पाहिजे की १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांवर अशीच चाचणी घेतली, तेव्हा साधक आणि इतर यांच्या सरावण्यात त्यांना फरक आढळला नाही. जुन्या प्रयोगांतील माणसे मोजकी होती. माझ्या मते त्यांतून एवढेच घ्यावे की आवाजापासून लक्ष काढून घेणे आणि प्रत्येक आवाजाला लक्ष देणे या दोन वेगळ्या साधना आहेत, आणि माणसाचे ऐकायचे असेल तर दुसरीचा सराव हवा.

या सरावात एक गफलत हमखास होते. मनात काहीही उमटू द्यायचे नाही, म्हणजे खोल ऐकणे, असे नवशिक्याला वाटते. पण पुढे काय येणार याचा अंदाज बांधल्याशिवाय भाषा समजतच नाही. २०१० मध्ये स्टीफन्स, सिल्बर्ट आणि हॅसन यांनी गोष्ट सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूंच्या नोंदी ताडून पाहिल्या. ऐकणाऱ्याचा मेंदू बहुतेक ठिकाणी सांगणाऱ्याच्या मागोमाग चालत होता, पण काही भागांत तो थोडा पुढेही जात होता. आणि हे पुढे जाणे ज्यांच्यात अधिक होते, त्यांना गोष्ट अधिक चांगली समजली होती. तेव्हा अंदाज बांधणे वेगळे आणि स्वतःचे वाक्य रचणे वेगळे. पहिल्यात आपण बोलणाऱ्याच्या वाटेवर असतो, दुसऱ्यात आपल्या. समोरचा बोलत असताना ‘आता मी असे म्हणेन’ हा विचार उठला, की तो ओळखून सोडून द्यायचा आणि त्या क्षणी चालू असलेल्या शब्दावर परत यायचे, एवढाच हा अभ्यास आहे. तो एका संभाषणात कितीतरी वेळा करावा लागतो. बोलणारा थांबल्यावर एक श्वास जाऊ द्यावा, कारण अनेकदा मनातले खरे बोलणे त्या थांब्यानंतर येते. फोनवर हा सराव कदाचित अधिक सोपा जाईल. येल विद्यापीठाच्या मायकेल क्राउस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चेहरा आणि आवाज दोन्ही मिळालेल्यांपेक्षा केवळ आवाज ऐकणाऱ्यांना समोरच्याच्या भावना अधिक अचूक ओळखता आल्या होत्या.

असे ऐकणे दमवणारे असते. गोंगाटात बोलणे समजून घेताना माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, आणि त्यावरून ऐकण्याचे श्रम मोजले जातात. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली आहे, ते संध्याकाळपर्यंत नुसत्या संभाषणांनी थकून जातात ते यामुळेच. दिवसभर प्रत्येकाचे असे ऐकण्याचा संकल्प म्हणूनच फार काळ टिकत नाही. दिवसातले एखादे संभाषण निवडावे, ते शांत जागी आणि हातातले काम बाजूला ठेवून करावे, आणि थकलेल्या वेळी कोणी मन मोकळे करायला आले, तर खोटी मान हलवत बसण्याऐवजी त्याला तसे सांगून नीट ऐकता येईल अशी वेळ ठरवून घ्यावी.