मुलींचा अभ्यासक्रम आणि लिंगभाव (पुणे)

मुलींना शिकवावे की नाही, हा पुण्यातला वाद एकोणिसाव्या शतकात बराचसा मिटला. काय शिकवावे, हा मात्र मिटलेला नाही.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल टाकला जाई, हे सर्वांना ठाऊक असते. त्या शाळांतून काय उगवले, याची आठवण मात्र कमी निघते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असे ती विचारते. बाळंत होणाऱ्या मांग-महार बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही सांगते. जातीचे आणि बाईपणाचे दुःख तिने वेगळे काढले नाही. मराठी स्त्रीवादाचा आरंभ शोधताना हा निबंध आधी वाचायला हवा.

रानडे, भांडारकर आदींनी १८८४ मध्ये सुरू केलेले मुलींचे हायस्कूल पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी उभे राहिले. म्हणून ते ‘हुजूरपागा’. तिथल्या इंग्रजी शिक्षणावर आणि घरकामाच्या आड येणाऱ्या शाळेच्या वेळेवर टिळकांच्या वृत्तपत्रांनी टीका केली. मुलगी शिकली तरी तिचा दिवस घराचाच, हे त्यामागचे गृहीतक होते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे हे पाऊल मोठेच. तरीही पत्नी-माता म्हणून स्त्रियांच्या गरजा वेगळ्या, या विचाराने अभ्यासक्रमात गृहजीवनाच्या विषयांना जागा मिळाली. सुधारकांच्या हातूनही चूल पूर्ण सुटली नव्हती.

आज हा प्रश्न चित्रांत दिसतो. राज्याची शालेय पुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ पुण्यातच आहे. स्वयंपाकघरात आई आणि खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले बाबा, ही प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात रुजली. २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात मात्र आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले. डॉक्टर आणि वाहतूक पोलीसही स्त्रिया होत्या. बदल छोटा, पण नेमक्या जागी झालेला. सात वर्षांचे मूल धडा विसरते, चित्र विसरत नाही. चित्राचे पुढे काय होते, हे वर्गावर अवलंबून असते: बाई पान उलटून पुढे जातात, की थांबून विचारतात, ‘तुमच्या घरी भाजी कोण निवडतं?’