जोडमूळ वेगळ्या, सहमूळ वेगळ्या

सांगलीत शिष्यवृत्तीच्या मुलांचं गणित घेताना एक प्रश्न दरवर्षी हमखास चुकतो. ‘8 आणि 15 सहमूळ आहेत का?’ असं विचारलं की निम्मा वर्ग ओरडतो, ‘नाही सर, दोन्ही संयुक्त आहेत!’

घोटाळा नावातल्या ‘मूळ’मुळे होतो. जोडमूळ म्हणायचं तर दोन्ही संख्या स्वतः मूळ हव्यात आणि फरक नेमका 2 हवा. 11-13, 29-31, 71-73. शंभराच्या आत अशा आठच जोड्या आहेत. सहमूळला यातलं काहीच लागत नाही. दोघांचा मसावि 1 आला की झालं. 8 मध्ये फक्त 2, 15 मध्ये 3 आणि 5. सामाईक काहीच नाही, म्हणून सहमूळ. 2 आणि 3 ही जोडीसुद्धा सहमूळच. दोन्ही मूळ असूनही जोडमूळ नाही, कारण फरक 1.

मुलांना मी कुपवाड एमआयडीसीतल्या गिअरचं उदाहरण देतो, कारण कित्येकांचे वडील तिथंच कामाला आहेत. 40 दात्यांच्या चाकाला 20 दात्यांचं चाक लावलं, तर लहान चाकाचा प्रत्येक दाता कायम मोठ्याच्या त्याच दोन दात्यांवर घासतो. एखादा दाता खराब असेल तर झीज तिथंच साचते. तेच 21 दात्यांचं लावा. 21 आणि 40 दोन्ही संयुक्त, पण सहमूळ. आता प्रत्येक दाता पाळीपाळीने चाळीसही दात्यांना भेटतो.

मोठ्या संख्यांत फरक आणखी ठळक होतो. 8,24,63,37,02,441 आणि 8,24,63,37,02,443 ही जोडी घ्या. सामाईक विभाजक असेल तर तो फरकालाही, म्हणजे 2 लाही भागणार. दोन्ही विषम, म्हणजे 1 च उरतो. सहमूळ आहेत हे पोरं तोंडी सांगतात. जोडमूळ आहेत का, हे शाळेच्या रीतीने बघायचं तर 9 लाख 8 हजारांच्याही थोडं पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. ही जोडी खरोखर जोडमूळ आहे. 1994 मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची, म्हणजे 1/11, 1/13 अशा अपूर्णांकांची, बेरीज करत होते. याच जोडीपाशी उत्तर जुळेना, आणि इंटेलच्या पेंटियम चिपमधला भागाकाराचा दोष त्यातून सापडला. हा प्रसंग सांगितला की वर्ग चिडीचूप होतो.

सहमूळ जोड्या अनंत आहेत, त्यात विशेष काही नाही; लगतच्या कुठल्याही दोन संख्या घ्या. जोडमूळ अनंत आहेत का, हे मात्र अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. 2013 मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं, की 7 कोटींपेक्षा कमी फरकाच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे इतरांनी तो आकडा 246 पर्यंत खाली आणला. तिथून 2 पर्यंत कुणी पोचलेलं नाही.